दार लिहायचं राहिलं

जळगावात सुकदेवचं छोटंसं कॉम्प्युटर सेंटर होतं. नव्व्याण्णव साली ई-मेल गावाला नवीनच होता, त्यामुळे परदेशी गेलेल्या कितीतरी जणांच्या घरच्यांना सुकदेवचाच पत्ता चालायचा. मेल आला की तो छापायचा आणि वाचून दाखवायचा. धुळ्याच्या रतिलालनं त्याला फ्लॉपीवर एक जोड-प्रोग्राम दिला होता. तो बसवल्यापासून आलेला मेल आणि सोबतचा फोटो आपोआप कागदावर उतरायचा, आणि सुकदेव समोरच्या टपरीवर चहा प्यायला मोकळा. स्वारी भलतीच खूश होती.

मस्कतला कामाला गेलेल्या अभिमनचे मेल असेच यायचे. त्याची आई द्रौपदाबाई दर मंगळवारी नशिराबादहून एसटीनं यायची, जयभीम करून भिंतीवरच्या कॅलेंडरखाली बाकावर बसायची आणि म्हणायची, "बठ्ठं वाच भाऊ, काही दपाडू नको." तेव्हा तो सगळंच वाचायचा, दडवण्यासारखं काही नव्हतंच.

मे महिन्यात अभिमनच्या सोबत्याचा मेल छापून आला. कामगारांच्या खोल्यांना आग लागली होती. दार बाहेरून बंद होतं. अभिमन राहिला नाही.

सुकदेवनं तो कागद खणात टाकला. दोन मंगळवार द्रौपदाबाई आली, बसली, रिकाम्या हातानं गेली. काळजीनं तिला अन्न जात नव्हतं. सांगायला तोंड उघडलं की सुकदेव 'अजून मेल नाही' एवढंच म्हणायचा.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी, ती यायच्या आधी, त्यानं स्वतःच अभिमनच्या नावानं पत्र लिहिलं. गावात कोणी कागद पाहिलाच तर वरती अभिमनचं नाव दिसावं, म्हणून त्याच्याच जुन्या मेलवर उत्तर टाइप केलं. मी खुशाल आहे, नवी खोली मिळाली, पांढऱ्या भिंती, निळ्या पडद्याची खिडकी, लोखंडी कॉट. एक प्रत सेंटरच्या पत्त्यावर येऊन छापली गेली. दुसरी, उत्तर असल्यामुळे, आपोआप अभिमनच्या पत्त्यावर गेली. जाईना का, तिथं आता वाचणार कोण!

द्रौपदाबाईनं ते ऐकलं, कागद डोळ्यांना लावला आणि पोटभर रडली. सुकदेवला स्वतःची किळस आली, पण तिच्या चेहऱ्यावर जीव आलेला पाहून त्यानं खरा कागद खणातच राहू दिला. एसटीला वेळ होता. ती बाकावर टेकली.

तेवढ्यात प्रिंटर आपोआप सुरू झाला.

मेल अभिमनच्या पत्त्यावरून आला होता. दोनच ओळी होत्या. 'सुकदेवभाऊ, खोली तुम्ही लिहिली तशीच आहे. दार लिहायचं राहिलं का?'

पाठोपाठ फोटो उतरू लागला. पांढऱ्या भिंती. निळा पडदा. कॉट. आणि चारही भिंतींवर, माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत, काजळीचे पंजे... चाचपडत गेलेले.

"काय उनं, भाऊ?" काय आलं म्हणून मागून द्रौपदाबाईनं विचारलं.

सुकदेवनं प्रिंटरची वायर उपटली नाही. तो पळूनही गेला नाही. ते पोर कोंडलेलं होतं आणि दार न लिहून कोंडणारा तो स्वतःच होता, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं टाइप केलं, 'खोलीला दार आहे. उघडं आहे. अभिमन, बाहेर ये.'

दार कुठं उघडतं, ते लिहायचं मात्र त्याला सुचलं नाही.

मोडेम किंचाळला, थांबला. प्रिंटर पुन्हा सरकू लागला. एकेक पट्टी कागद बाहेर येत होता... आधी चौकट, मग उघडी फळी, मग दारापलीकडची भिंत. तिच्यावर सुकदेवच्याच सेंटरचं कॅलेंडर. खाली बाक. बाकावर द्रौपदाबाई.

सेंटरमध्ये करपल्याचा वास भरला.

सुकदेवनं महत्प्रयासानं मान वळवली. द्रौपदाबाई बाकावर जरा सरकून बसली होती, शेजारी कोणाला जागा करून द्यावी तशी. पदराचं टोक तिनं जिभेनं ओलं केलं होतं, आणि शेजारच्या रिकाम्या जागेत, बसलेल्या माणसाचा चेहरा येईल तिथं, ती हळूहळू काहीतरी पुसत होती.

पदर काळा होत चालला होता.