गवतातला साचा

निघायच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये तंबू उभा करून बघायचा असं बायकोने ठरवलं. सोफा भिंतीला लावला, टीपॉय स्वयंपाकघरात गेलं आणि आम्ही दोघं कापडाशी झटापट करत बसलो. काठी एकीकडून घातली की दुसरीकडून निसटायची.

"ह्यापेक्षा हॉस्पिटलची खाट बरी होती," मी म्हणालो.

ती हसली नाही. त्या शब्दावर हसण्याइतके दिवस अजून गेले नव्हते.

मी कृत्रिम पाय बनवतो. उरलेल्या पायावर ओलं प्लास्टर गुंडाळायचं, साचा घ्यायचा, त्यावरून पाय घडवायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर नुसत्या साच्यात हात घातला तरी कळतं, माणूस भार कुठे टाकतो आणि कुठली बाजू चोरतो. माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा टेबलावर मी थोडा वेळ गेल्यातच जमा होतो म्हणे. भेटायला आलेले सगळे म्हणाले, पुनर्जन्म झाला. मी मान डोलावली. मला काहीच वाटत नव्हतं. चहा गरम आहे एवढं कळायचं, त्यापलीकडे नाही. डॉक्टर म्हणाले, चालत जा. बायको शाळेत भूगोल शिकवते. तिने चालण्याचा अर्थ डोंगर असा घेतला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच नाकी नऊ आले. सॅकचे पट्टे खांद्यात रुतले, तिच्या टाचेला फोड आला.

"अख्खा संसार पाठीवर घ्यायचा, आणि ह्याला सुट्टी म्हणायचं!" ती धापा टाकत म्हणाली. पण पठारावर आल्यावर तिने बूट काढून गवतात पाय ठेवले आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडलेला दिसला.

तंबूसाठी तिला सपाट जागा सापडली. तिथलं गवत चौकोनी दबलेलं होतं.

"आज सकाळीच कुणीतरी उठून गेलेलं दिसतंय. बरंच झालं, आयती जागा."

तंबू त्या चौकोनात नेमका बसला. खुंट्या ठोकायला दगड उचलला, तर भोकंही तयार होती. एक खुंटी आम्ही घरीच विसरलो होतो. त्या कोपऱ्यात भोक नव्हतं. तिथे दोरी बांधता येईल असा एक दगड ठेवलेला होता.

"बघा, विसरभोळे आपण एकटेच नाही," ती म्हणाली.

छोट्या स्टोव्हवर पाणी उकळायला जन्म गेला. चहात धुराचा वास होता, एक चिलटही होतं. तिने तो मिटक्या मारत प्यायला.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराची सोंड ओलांडून तळ्यापाशी उतरलो. ऊन अजून बरंच वर होतं. झाडाखाली गवत चौकोनी दबलेलं होतं. भोकं होती. दगड त्याच कोपऱ्यात होता.

मी गुडघ्यावर बसलो. चौकोनाच्या आत शेजारी शेजारी दोन खळगे होते. मी सवयीने तळवा फिरवला. उजवीकडच्या खळग्यातला माणूस पाठीवर सरळ झोपत होता, डावा खांदा जरा उचलून. छातीला टाके घातल्यापासून मी तसाच झोपतो. डावीकडचं माणूस कुशीवर, गुडघे पोटाशी. एक हात पसरलेला. त्याची खूण उजव्या खळग्याच्या काठापाशी येऊन थांबत होती.

"काय आहे?" तिने विचारलं.

"आपण आहोत," मी म्हणालो.

"काहीतरीच काय बोलता!"

पण त्या जागी तिने तंबू लावू दिला नाही. आपण वाटेवरून चालतो, म्हणून कुणीतरी पुढे जाऊन थट्टा करतंय, असं तिचं म्हणणं पडलं. ते मला पटण्यासारखं होतं. तिने नकाशा घडी करून खिशात कोंबला, डोळे मिटले आणि बोट दाखवलं. "तिकडे. वाट नाही, काही नाही. बघू कोण येतं ते."

काटेरी झुडपांतून आम्ही वाट काढत गेलो. तिची बाही फाटली. माझा हात ओरखडला, रक्त आलं, पण दुखलं नाही. झुडपं संपली तिथे एक मोकळी जागा होती. माणसाचं पाऊल पडल्याची काही खूण नव्हती.

गवत दबलेलं होतं.

खळगा एकच होता. कुशीवर, गुडघे पोटाशी. पसरलेला हात शेजारच्या जागेवर आडवा पडलेला, बोटांसकट जमिनीला टेकलेला. त्याच्या आजूबाजूचं गवत सरळ उभं होतं.

मी तळवा फिरवून पाहिला. उजवीकडे काही नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. मी वाट पाहिली. वाटली नाही.

"उठा," ती म्हणाली. "अहो, उठा तिथून. घरी चला."

तिने माझं मनगट धरलं. बोटं नाडीवर होती. डोंगर उतरेपर्यंत तिने ते सोडलं नाही, घसरणीवरसुद्धा नाही. बसमध्ये शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "नवीन लग्न का?" बायको म्हणाली, "हो." आणि खिडकीकडे तोंड करून रडली.

आता मी कामावर जातो. हात पूर्वीसारखा चालतो. ती शाळेतून येते, वह्या तपासते, रविवारी आम्ही भाजी आणायला जातो. डोंगराचा विषय ती काढत नाही. तंबू तिने शाळेतल्या कुणाला तरी देऊन टाकला.

काल सकाळी मी दात घासून बाहेर आलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती, चहाचा कप हातात तसाच.

"रात्री कुठे गेला होतात?" तिने विचारलं.

"कुठे जाणार? इथेच तर होतो. पडल्या पडल्या झोप लागली."

"बरं," ती म्हणाली.

तिने कप खाली ठेवला. माझ्या बाजूच्या चादरीवर एकही सुरकुती नव्हती. तरीही ती तिने झटकली आणि पुन्हा नीट घातली.