प्रेट्झेलची गाठ

"एकच पुडी उरलीय. भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा," दुकानदार म्हणाला.

बुधवार पेठेतल्या त्या दुकानात यीस्टच्या पुडीवर दोन हात एकदमच पडले होते. एक गौतमीचा, दुसरा यज्ञेश्वरचा. दोघं एकाच जर्मन क्लासात, पण बोलत होते आज पहिल्यांदा. क्लासच्या पार्टीला प्रेट्झेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा जर्मन पाव, न्यायचं दोघांच्याही मनात होतं.

"तुम्हीच घ्या," तो हसला. "माझ्या खोलीवर साधी शेगडीही नाही, भाजणार कुठे याचा विचारच केला नव्हता."

"मग… आमच्याकडे करू या? ओव्हन आहे." बोलून गेली आणि तिचे कानच तापले.

रविवारी तो धायरीला आला. मैदा, मीठ, साखर, यीस्ट, कोमट पाणी — बस्स एवढंच. पीठ मळून फुगायला ठेवलं, तोच गोठ्यातून गौतमीची आई आली, सोजरबाई. पदर खोचलेला, कोपरापर्यंत शेणाचे हात.

"कोन आलंय गं?"

यज्ञेश्वर उठून उभा राहिला. "नमस्कार. आपण…?"

"ह्या… आमच्याकडे कामाला असतात," गौतमी म्हणाली.

तोंडून कसं निघालं, तिलाच कळेना. सोजरबाईंनी शेणाचे हात पाठीमागे घेतले. मग म्हणाल्या, "व्हय दादा. कामालाच हाय."

पिठाच्या लांब वळ्या करून तो गाठ घालायला शिकवत होता. "हे टोक इकडे, ते तिकडे… अहो, ही गाठ आहे की तुमचं जर्मन?" एरवी ती खळखळून हसली असती. त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, तरी तिची मान वर होईना.

"ताई," मागून आवाज आला, "सोड्याच्या पाण्याला उकळी आली हाय."

ताई! गौतमीच्या हातातली वळी तुटली.

उकळत्या पाण्यातून काढून भाजलेले प्रेट्झेल तांबूस होऊन बाहेर आले. त्याने पहिला बशीत घातला. "मावशी, हा तुम्हाला."

"मी मागनं खाईन. ताईंना द्या."

"आई आहे ती माझी!" गौतमी रडतच ओरडली. "मी… मला लाज वाटली… आई, चुकले गं."

यज्ञेश्वरने बशी खाली ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "मी तुम्हाला तसा माणूस वाटलो?"

"नाही. तुम्ही आवडता मला… म्हणूनच भ्याले."

सोजरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "रडू नगंस आता. माझ्या वर्मी लागलंय, ते काय आजच्या आज जायचं न्हाई. पन पावण्याला उपाशी ठिवू नगं."

संध्याकाळी ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. नजर जमिनीवरच.

"परत… याल?"

तो गाडीला किक मारायचा थांबला. "आईंना विचार आधी. त्या हो म्हणाल्या, तर उद्याच येतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "मलाही आवडतेस तू… पुडी ओढत होतीस ना, तेव्हापासून."

तिने वर पाहिलं. आणि वळून, जवळजवळ धावतच, आईकडे गेली.