तेल लावलेला ढोल

मला त्याचा आधी रागच आला. ढोलावर त्याने चक्क कंदील ठेवला होता!

१९५४ सालचा मार्गशीर्ष. पुलगावात आमचं घर बाबांच्या बँडवर चालायचं, आणि लग्नसराई तोंडावर असताना आमचा मोठा ढोल लाकडी खोडासकट तडकला. बाबांना मोतीबिंदू, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मला दुसरा ढोल पारखायला पाठवलं. कमरेला ऐंशी रुपये. काका म्हणाला होता, "पोरगी काय ढोल पारखते! फसली तर बँड मोडून टाकू."

विकणारा माणिक, पुलगावच्या लष्करी डेपोतला कारकून. गोऱ्या साहेबांच्या क्लबातला हा ढोल त्याने लिलावात घेतलेला. त्याची आई अंगणात वड्या घालत होती.

मी ढोलावर बोटं मारली. भद्द!

"याले काय लावलं तुमी?"

"एरंडीचं तेल… आमच्या वावरात मोटेच्या कातड्याले लावतेत ना, तसं."

"अगं बाई! मोटेनं पाणी काढाचं, ढोलानं बोलाचं!"

तो ओशाळला, पण हसला. हसताना मान खाली घालायची सवय होती त्याला. मी नको तितका वेळ पाहत राहिले…

मग कडं सैल करून कातडं काढलं. खोडाला आतून हात फिरवला. तडा नाही, कीड नाही. तळाशी एक कागद चिकटलेला. इंग्रजी! मला कुठलं येतंय?

"वाचा बरं."

त्याने डोकं आत घातलं. माझं आधीच आत होतं. ढोलात अंधार, तेलाचा वास, आणि त्याचा श्वास माझ्या गालाशी.

"लंडन… १९२६," तो हळूच म्हणाला.

"माणिक! डोकं बाहेर काढ!" अंगणातून आई ओरडली.

बाहेर येऊन तो म्हणाला, "म्हणजे लयच जुनाट निघाला. नव्वद सांगितले होते. ऐंशी द्या."

बरोबर ऐंशी! गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण त्याचा तो सरळ चेहरा… मला गप्प बसवेना.

"जुनं झालं म्हणून किंमत पडत नाई," मी म्हणाले. "वाळलेलं खोड आहे, म्हणून तर आवाज देते. कातडं बदला, दीडशे कुठं जात नाईत."

"वर्ध्याचे भैय्याजी बँडवाले येऊन राह्यले चार वाजता," तो म्हणाला.

ते दीडशे सहज देतील; माझ्याकडे ऐंशीच. मी पदर खोचून उठले.

"थांबा. ऐंशीतच न्या."

"काऊन?"

"भैय्याजी वर्ध्याले नेतीन. मंग मले ऐकू कसा येईन?"

"ढोल?"

"ढोल… बी," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मीही झाले असणार.

"उद्या नवं कातडं ताणाचं आहे," मी म्हणाले. "जोर लागते. येजा. तेल आणू नका."

संध्याकाळी बाबांनी खोडावर आतून-बाहेरून हात फिरवला. कितीतरी वेळ. काका दारातून आत आला आणि त्यानेही बोटाने खोड वाजवून पाहिलं.

"सुंदरा, हा ऐंशीत दिला? देणारा एक तर येडा असन, नाई तर…"

"दुसरंच आहे, बाबा," मी म्हणाले.