दासोहाचा चहा न घेणारा ड्रायव्हर

"कुलूप काढा, पप्पा!"

"न्हाई काढणार!"

उमाशंकररावांनी सायकलच्या चाकात साखळी अडकवली, खटकन कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. स्वप्नाली पाय आपटत राहिली. सायकल तिची नव्हती, आजोबांची होती. अमृतराव आजोबा रोज सकाळी तिच्यावरूनच शेतात जायचे. पण काल उसाच्या ट्रॅक्टरनं त्यांना असा कट मारला, की आजोबा सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत! गुडघा चांगलाच फुटला. आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर वैजनाथ वर तोंड करून म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसत न्हाई, कशाला सायकल देता?"

पप्पांनी ते खरं मानलं!

"मला चांगलं दिसतंय," बाजेवरून आजोबा म्हणाले. "त्याचीच मान खाली होती."

"आप्पा, वय झालं आता. सायकल बंद म्हणजे बंद!"

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एरवी दिवसभर घर डोक्यावर घेणारा माणूस! स्वप्नालीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला.

"वैजनाथ खोटं बोलतोय," ती म्हणाली. "आणि मी ते दाखवून देणार!"

दिवाळीच्या सुट्टीला लोह्याहून आलेली तिची आतेभावंडं, सोमेश आणि अंबिका, लगेच तयार. तिघं किल्लारी रस्त्याच्या फाट्यावर लिंबाखाली जाऊन बसली. कारखाना सुरू झालेला, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या गाड्यांची नुसती रीघ. थोड्या वेळानं दणदण गाणी लावून वैजनाथचा ट्रॅक्टर आला, मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या.

"अगं, तो एकटाच हसायलाय!" अंबिका ओरडली.

"आणि मांडीकडं बघायलाय! मांडीवर मोबाईल हाय त्याच्या!" सोमेशनं लिंबाखालूनच व्हिडिओ काढला आणि तिघं पळत पोलीस चौकीत गेली. हवालदार धम्मप्रियाताईंनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"अरे, यात तर त्याची नुसती हनुवटी दिसायली! हनुवटीवर काय केस करू मी? मोबाईल कुठं हाय?"

"मांडीवर हाय, ताई!"

"तुमच्यावर विश्वास हाय माझा. पण उद्या तो म्हणंल, मी रस्त्याकडंच बघत होतो. मग?"

परतताना सोमेशचा चेहरा पडला होता. घरी मात्र आजी मोठमोठी पातेली घासत होती. दुसऱ्या दिवशी कार्तिकातला सोमवार! त्या दिवशी स्वप्नालीच्या घरचा चहाचा दासोह असायचा. फाट्यावर टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला देवाच्या नावानं फुकट चहा पाजायचा. दासोहाला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. घाईतला ड्रायव्हरसुद्धा कपाळाशी हात नेऊन नमस्कार करत "पुढच्या खेपेला घेतो!" असं ओरडल्याशिवाय जात नसे.

स्वप्नाली पातेल्याकडे बघत राहिली आणि एकदम उडालीच. "सोमेश! ज्याला दासोह दिसतो तो थांबतो, न्हाईतर नमस्कार तरी करतो. आणि जो यातलं काहीच करत न्हाई..."

"त्यानं बघितलंच न्हाई!"

तिघं पुन्हा चौकीवर. "ताई, उद्या आमच्या दासोहाला या. वर्दीतच या!"

सोमवारी फाट्यावर वाफाळत्या चहाचा वास सुटला. पप्पा टेबलामागे उभे राहून कप भरत होते. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, सगळे थांबत होते. एक जण न थांबता गेला, पण त्यानंही कपाळाशी हात नेला. धम्मप्रियाताई टेबलाशेजारी उभ्या होत्या.

इतक्यात ती दणदण गाणी! अंबिकानं झाडाखालून 'चहा घ्या' ही पाटी उंच धरली. सोमेशनं थाळी बडवली. ताईंनी हात वर करून शिट्टी मारली. वैजनाथची मान खालीच! पुढचं चाक रस्ता सोडून थेट मातीत उतरलं.

"पप्पाऽऽ! मागं व्हा!" स्वप्नाली किंचाळली.

पप्पांनी मागे उडी मारली. धाड! मागच्या ट्रॉलीनं टेबल उडवलं, पातेलं कलंडलं, चहा सगळा मातीत. ट्रॅक्टर मात्र गाणी वाजवत पुढे! ताईंनी मोटारसायकलला किक मारली, गतिरोधकापाशी त्याला गाठलं आणि मोबाईलसकट परत आणलं. मोबाईलवर कसला तरी विनोदी व्हिडिओ अजून चालूच होता.

"दासोहाला थांबला का न्हाईस?" ताईंनी विचारलं.

"कसला दासोह? मला तर इथं कुणीच दिसलं न्हाई!"

"वर्दीतली मी हात वर करून उभी, तरी दिसले न्हाई?"

जमलेले सगळे ड्रायव्हर त्याच्याकडे रागानं बघू लागले. गुन्हा नोंदवायला ताईंनी त्याला चौकीवर नेलं. जाताना त्या म्हणाल्या, "शाब्बास पोरांनो! मी हनुवटीवर अडले होते, तुम्ही त्याला चहावर पकडलंत!"

पप्पा कलंडलेलं पातेलं उचलत होते. स्वप्नाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पप्पा, आज ट्रॉली तुमच्या अंगावर आली. तुम्हालापण दिसत न्हाई का?"

उमाशंकरराव तडक घरी निघाले, पोरं मागोमाग.

"आप्पा, चुकलं माझं," त्यांनी बाजेपाशी जाऊन किल्ली पुढे केली.

आजोबा उठून बसले. किल्लीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"कुलूप तू लावलंस. तूच काढ!"

पप्पांनी सगळ्यांसमोर उकिडवं बसून कुलूप काढलं. मग आजोबा लंगडत सायकलपाशी गेले, नातीकडे बघून हसले आणि त्यांनी जोरात घंटी वाजवली.