चार बोटांचा फरक

बेल वाजली तेव्हा भाऊजी पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसले होते. त्यांनी दुरुस्तीला हात घातला की ती वस्तू कायमची कामातून जाते, हे वहिनींना अनुभवाने ठाऊक होतं. त्यामुळे दार उघडायला त्याच उठल्या.

दारात एक शाळामास्तरीण उभी होती. डोळे सुजलेले, पदर मुठीत.

"वहिनी तुम्हीच ना? माझे यजमान उद्या सकाळी पोलिसांना कबुली देणार आहेत. त्यांना थांबवा."

सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. विमा कंपनीसाठी अपघातांचे दावे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या खासगी तपास करत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते स्वतःला वहिनींचा उजवा हात समजत. वहिनी डावखुऱ्या होत्या, पण तसं बोलून दाखवत नसत.

"त्यांनी गुन्हा केलेला नाही, असं तुमचं म्हणणं?" वहिनींनी विचारलं.

"मला माहीत नाही." बाईंनी पदराने डोळे पुसले. "वहिनी, त्यांनाही माहीत नाही!"

हळूहळू हकीगत बाहेर आली. यजमान शहराबाहेरच्या इस्पितळात प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. रोज जाऊन-येऊन लांबचा प्रवास, तोही बस बदलत. पाठीचं खोबरं झालं होतं. शेवटी त्यांनी एका दंतवैद्याची जुनी आलिशान गाडी घेतली. एकेकाळी ती मंत्र्याच्या दारातही शोभली असती, पण इतकी पळालेली होती की गिऱ्हाईक आकडा बघूनच परत जाई. म्हणूनच ती यांना परवडली.

"चामड्याच्या सीटा, आत आवाज म्हणून नाही. नखरे मात्र फार. सकाळी हे आधी खाली जाऊन गाडी चालू करतात आणि चहा घ्यायला वर येतात. सासूबाई गॅलरीतून विचारतात, उठले का राजेसाहेब? मग हे निघतात." बाई क्षणभर हसल्या आणि लगेच रडू लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी तळ्याजवळच्या वळणावर एका मोठ्या, काळपट गाडीने एका स्कूटरला उडवलं आणि ती पळून गेली. स्कूटरवर पाळणाघर चालवणारी बाई होती. ती अजून शुद्धीवर आली नव्हती. यजमान साधारण त्याच वेळी तिथूनच घरी आले होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांना कुणाचा तरी निनावी फोन गेला. त्यांनी येऊन पाहिलं, तर यांच्या गाडीचा पुढचा बंपर तडकलेला आणि त्यावर स्कूटरच्या पिवळ्या रंगाची रेघ.

"ती बाई यांच्याच इस्पितळात आहे," बाई म्हणाल्या. "कामावरची माणसं यांच्याशी बोलत नाहीत."

यजमानांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये इन्स्पेक्टर भेटले. वहिनींना ते जुने ओळखत होते, म्हणून कपाळाला आठ्या असूनही बोलले.

"यात शोधण्यासारखं काही नाही, वहिनी. स्कूटरवरचा घाव आणि बंपरवरची रेघ, दोन्हींची जमिनीपासूनची उंची मोजली. तंतोतंत जुळते."

काळी गाडी भिंतीशी पोट टेकून बसली होती. वहिनींनी वाकून रेघ पाहिली, मग तडा पाहिला.

"सापडल्यापासून गाडी चालू केलीत?"

"छे! पुरावा आहे तो. कुणाला हात लावू दिलेला नाही."

शेजारची जागा रिकामी होती. "इथे कोण लावतं?"

"इमारतीचे सेक्रेटरी. त्यांची गाडी सर्व्हिसिंगला गेलीय. भला माणूस. यांच्यासाठी वकीलसुद्धा त्यांनीच बघून दिला."

वर घरात तंत्रज्ञ खिडकीशी बसला होता. त्याने दाढी केली नव्हती.

"पुलापर्यंतचं आठवतं," तो म्हणाला. "नंतर एकदम आपल्या फाटकाचा दिवा. मधलं काहीच नाही. ती सीट फार मऊ आहे हो, वहिनी. दिवसभर उभं राहून आल्यावर त्या सीटवर डोळा कधी लागतो, कळत नाही. तळ्याचं वळण त्या मधल्या रस्त्यावरच आहे. मी नसेन केलं तर कुणी केलं?"

"घरी पोचल्यावर बंपर पाहिला नाहीत?"

"मी कशाकडेच पाहिलं नाही. जेवलो नि झोपलो."

"रस्ता आठवत नाही, हे पूर्वी घरात कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. हिला काल सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिने गाडी विकायला लावली असती." त्याने हातांत तोंड लपवलं. "लावायलाच हवी होती."

बायको दारात उभी होती. ती जवळ आली नाही. वहिनींनी ते पाहिलं. माणूस तुरुंगात जायच्या आधीच घरात एकटा पडला होता.

त्या गाडीचा मेकॅनिक त्यांना गॅरेजात दुसऱ्या एका गाडीखालीच भेटला. तिथूनच बोलला.

"ती होय! हवेच्या फुग्यांवर उभी असते. फुगे जुने, गळतात. बंद करून ठेवली की तासा-दोन तासांत खाली बसते. चालू केली की पंप हवा भरतो नि उठते."

"फुगे बदलले का नाहीत?"

"तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल, वहिनी!"

"तशीच खाली बसलेली चालवली तर?"

"गल्लीच्या तोंडापर्यंतही जायची नाही. चाकं वरच्या पत्र्याला घासतील. हे माहीत असल्याशिवाय ती गाडी वापरताच येत नाही."

दंतवैद्याकडे जाताना भाऊजींना उत्साह आला होता. त्यांनी चौकशी करून ठेवली होती की गाडीची दुसरी किल्ली अजून दंतवैद्याकडेच आहे.

"तोच," ते रिक्षात कुजबुजले. "किल्ली त्याच्याकडे, म्हणजे गाडी त्यानेच नेली."

दंतवैद्याने खण उघडून किल्ली टेबलावर ठेवली. "द्यायची राहून गेली. आणि गुरुवारी संध्याकाळी मी या खुर्चीजवळ उभा होतो. बाहेर बसलेल्या पेशंटांना विचारा. माझी आत्ताची गाडी पांढरी आहे, दारातच उभी आहे." मग हळूच म्हणाला, "सकाळी आधी चालू करून ठेवायची, हे मी त्यांना सांगितलं होतं हो. फसवलं नाही मी."

भाऊजींचा चेहरा पडला. वहिनींनी त्यांना रुग्णांसाठी ठेवलेलं मासिक वाचायला दिलं.

सेक्रेटरींनी मात्र दोघांचं मनापासून स्वागत केलं. पाणी आलं, चहा आला.

"जीव तुटतो हो," ते म्हणाले. "मागेच म्हणालो होतो त्याला, शेवटचा रस्ता आठवत नाही म्हणतोस, तर गाडी चालवू नकोस. आणि तीही कसली, तर ही एवढी बसकी! मी चेष्टा करायचो, गतिरोधक आला की उतरून उचलून नेतोस का?"

"तुम्ही कधी बसलायत तिच्यात?"

"नाही बुवा. तो पहाटेच जातो, मी दुपारी दुकान उघडतो. रात्री परततो तेव्हा ती माझ्या गाडीशेजारी पोट टेकून बसलेली असते. त्याला म्हणावं, कबूल करून टाक. शिक्षा कमी होईल."

वहिनींनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला. "उद्या सकाळी पार्किंगमध्ये याल? त्याला तुमचा आधार वाटेल."

"येणारच!"

सकाळी सगळे गाडीभोवती जमले. तंत्रज्ञाच्या खिशात कबुलीचा कागद होता. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"भाऊजी, रेघेसमोर भिंतीवर खडूने खूण करा," वहिनी म्हणाल्या. भाऊजींनी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची रेघ सरळ आली. "इन्स्पेक्टर, हीच ना स्कूटरवरच्या घावाची उंची?"

"हीच. तंतोतंत."

"आता तंत्रज्ञसाहेबांना गाडी चालू करू द्या. फक्त चालू."

इन्स्पेक्टर कुरकुरले, पण हो म्हणाले. इंजिन सुरू झालं. आधी काहीच घडलं नाही. मग खालून घरघर ऐकू आली आणि गाडीने नाक उचललं. पिवळी रेघ खडूच्या खुणेला सोडून सावकाश वर सरकत गेली आणि थांबली.

वहिनींनी खूण आणि रेघ यांच्यामध्ये आडवा हात धरला. "चार बोटं."

इन्स्पेक्टर वाकून पाहू लागले.

"रस्त्यावर धावणारी ही गाडी एवढ्या उंचीवर असते," वहिनी म्हणाल्या. "हिने स्कूटरला धडक दिली असती, तर स्कूटरवरचा घाव चार बोटं वर असता. तुमची मापं जुळली, कारण तुम्ही बसलेली गाडी मोजलीत. तंतोतंत जुळली, म्हणूनच खोटी. बसलेली गाडी चालत नाही. म्हणजे ही रेघ गाडी इथे उभी असताना ओढली गेली."

"कुणी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"ज्याच्या स्वतःच्या काळपट गाडीच्या बंपरवर तसाच घाव होता आणि स्कूटरचा तुकडा अडकलेला होता, त्याने. त्याने शेजारी उभ्या असलेल्या गाडीवर त्याच उंचीला तडा पाडला, त्या तुकड्याने रंग घासला आणि दुसऱ्या दिवशी तो निनावी फोन केला. पण ही गाडी उठते, हे त्याला माहीत नव्हतं. मेकॅनिकला माहीत होतं, दंतवैद्याला माहीत होतं, या घरात तर सासूबाईंनाही माहीत आहे. ही गाडी मुळातच बसकी आहे, असं समजणारा एकच माणूस मला भेटला. तो हिला रोज रात्री बसलेलीच पाहतो."

सेक्रेटरी हसले. "गंमत करता वहिनी. माझी गाडी सर्व्हिसिंगला..."

"कुठल्या गॅरेजात? पत्ता सांगा. इन्स्पेक्टर आत्ता माणूस पाठवतील."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण पत्ता बाहेर आला नाही. "ती एकदम समोर आली," ते पुटपुटले. "मी घाबरलो."

"घाबरलात, हे मी समजू शकते," वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण मग तुम्ही विचार केलात. इमारतीत इतक्या गाड्या होत्या. तुम्ही हीच निवडलीत, कारण हा माणूस नाही म्हणू शकणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. स्वतःच्या बायकोलाही न सांगितलेलं त्याने तुम्हाला सांगितलं होतं."

"इथेच सांगितलं होतं," तंत्रज्ञ म्हणाला. "या खांबाशी. मन हलकं करावं म्हणून."

सेक्रेटरींनी मान वर केली नाही. इन्स्पेक्टर त्यांना घेऊन गेले.

भाऊजींनी तंत्रज्ञाच्या खिशातला कागद काढून फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत ते न कळून हातातच धरून ठेवले.

"तुम्ही केलं नाहीत," बायको नवऱ्याजवळ येत म्हणाली. तिने त्याचा दंड घट्ट धरला. "मला माफ करा. मला वाटलं होतं..."

"तुला वाटलं ते चूक नव्हतं." तो उंच उभ्या राहिलेल्या गाडीकडे पाहत होता. "मी केलं नाही, कारण ती बाई माझ्यासमोर आली नाही. ती आली असती, तरी मला आज काहीच आठवलं नसतं."



त्याने आत वाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि बायकोच्या हातात ठेवली. "उद्यापासून बस."

वरच्या गॅलरीतून सासूबाईंनी नेहमीसारखा आवाज दिला, "काय रे, उठले का राजेसाहेब?"

ते दोघं जिना चढून गेले. त्यांच्या मागे गाडीने हळूहळू बसायला सुरुवात केली.