चष्मेवाल्याच्या ट्रेलरचे टायर

"फक्त हवा बघा. पुढची दोन, मागची दोन. मला जरा घाई आहे."

गाडीतून न उतरताच तो बोलला. टायरवालीने मान डोलावली, हवेची नळी ओढत नेली, गाडीची चारही चाकं पाहिली आणि मग कुणी सांगितलं नसताना गाडीच्या मागे गेली. मागे ट्रेलर जोडलेला होता. गाडीने ओढत न्यायचं, दोन चाकांवरचं घरच ते. पांढरं, गोलसर, खिडक्यांना निळे पडदे. दारावर भलामोठा चष्मा रंगवलेला आणि त्याखाली अक्षरं – 'डोळे तपासून चष्मा लगेच'.

तिचं लक्ष त्या चष्म्याकडे नव्हतं. ती ट्रेलरच्या चाकाशी उकिडवी बसली, टायरच्या कडेवरचे आकडे बोटाने पुसले, जवळजवळ नाक टेकवून वाचले. मग अंगठ्याने रबर दाबून पाहिलं.

"साहेब, जरा उतरता का?"

"का? काय झालं?"

"अजून काही झालेलं नाही. म्हणूनच उतरा म्हणते."

तो उतरला. उंच, बाह्या दुमडलेल्या, खिशाला तीन पेनं आणि एक छोटा पेचकस. चाकाकडे बघून म्हणाला, "टायर तर नवेकोरे आहेत. नक्षी बघा ना केवढी खोल आहे."

"नक्षी खोल आहे, कारण हा ट्रेलर वर्षानुवर्षं कुणाच्या तरी दारात उभा होता. जुनाच घेतलात ना?"

त्याने खिशातली पेनं उगाच सरळ केली. म्हणजे जुनाच होता.

"टायर नुसता झिजून जात नाही, वाळूनही जातो. हे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या टायरला नऊ वर्षं होत आली. ट्रेलर चालवा नाहीतर उभा ठेवा, सहा वर्षं झाली की टायर काढायचा. आणि हे तर ट्रेलरचे टायरच नाहीत, साध्या गाडीचे चढवलेत कुणीतरी."

"आणि ट्रेलरचे नवे टायर तुमच्याकडे मिळतात… असंच ना?" तो किंचित हसला.

ते हसणं तिला झोंबलं. अकरा वर्षांत असं हसू तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. एरवी ती 'बरं, या मग' म्हणून मोकळी झाली असती. पण आज काय झालं कोण जाणे, ती आत गेली, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा आणि बॅटरी घेऊन आली आणि पुठ्ठा ट्रेलरखाली सरकवला.

"झोपा."

"काय?"

"याच्यावर. उताणे. शर्टाची काळजी करू नका, पुठ्ठा स्वच्छ आहे."

तो आडवा झाला. शेजारी ती सरकली. दुकानापुढे खुर्ची टाकून बसलेल्या बाबांनी हाक मारली, "अगं, गिऱ्हाइकाला गाडीखाली काय घातलंस?"

"दाखवतेय बाबा!"

तिने बॅटरी लावली. टायरच्या आतल्या बाजूला, बाहेरून कधीच दिसलं नसतं तिथे, लिंबाएवढा फुगवटा आला होता. त्याच्याभोवती बारीक बारीक चिरा.

त्याने बोट लावून तो फुगवटा चाचपला. मग हळूच म्हणाला, "आज घाट चढणार होतो मी. उद्या सकाळी वरच्या शाळेत सव्वाशे मुलांचे डोळे तपासायचे आहेत."

"घाटात हा फुटला असता. ट्रेलरने गाडीलाही सोबत ओढलं असतं."

"मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"सवय आहे."

"मला नाही," तो म्हणाला. "माफ करा."

गाडीखाली आजवर तिने पुष्कळ काही ऐकलं होतं, शिव्यासुद्धा. माफी पहिल्यांदाच. तिने घाईघाईने बॅटरी विझवली.

त्याने शाळेला फोन केला. तीन-चार दिवस उशीर होईल म्हणाला, मुलांना सांगा, नक्की येतो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कुठले टायर घालायचे?"

"ते मी कशी सांगू? आधी वजन करा. कोपऱ्यावर वजनकाटा आहे. सामान, पाणी, सगळं भरलेलं असू दे. ट्रेलरचं वजन किती, ते कळल्याशिवाय टायर मागवायचा नाही."

"मलाही धरायचं वजनात?"

"तुम्ही ट्रेलरमध्ये बसून प्रवास करता का?"

"नाही."

"मग तुम्ही हलकेच राहा."

तासाभराने तो काट्यावरची चिठ्ठी घेऊन आला. तिने मुद्दाम दोन्ही चाकांचं वेगवेगळं वजन करायला सांगितलं होतं. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"डावीकडे दोनशे किलो जास्त! तुमचा संसार एका बाजूला कललाय."

"संसार कुठला… नुसतं सामान आहे."

तिने मान वर केली नाही. पण चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, तेच आकडे, उगाचच.

टायर यायला तीन दिवस लागणार होते. दुकानामागे मोकळी जागा होती, बाबांनीच तिथे ट्रेलर लावायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी पसरली की चष्मेवाला आलाय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रेलरपुढे रांग लागली. रांगेत पहिली होती तिची आत्या. आत्याची नजर अजून चांगली शाबूत होती, पण चौकशी करायला दुसरं निमित्त नव्हतं.

"वरची ओळ वाचा," आतून त्याचा आवाज आला.

"वाचते. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"एक बहीण, ती तिच्या घरी. आता खालची ओळ."

"म्हणजे तुम्ही एकटेच! फेऱ्या नसतील तेव्हा कुठे राहता?"

"भाड्याची एक खोली आहे. आत्या, ही अक्षरं दिसतायत का?"

"दिसतायत हो, सगळं दिसतंय मला," आत्या म्हणाली आणि दुकानात येऊन भाचीला कोपराने ढोसून गेली.

टायरवाली ओशाळली. तिचं दोनदा जमता जमता राहिलं होतं. एकाची अट होती, दुकान बंद कर. दुसऱ्याची काहीच अट नव्हती, तो फक्त पूर्ण वेळ तिच्या नखांकडे बघत बसला होता. काळं वंगण नखांच्या कडेत बसलं की निघता निघत नाही. बाबांची पाठ गेली तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तिने पाना हातात घेतला, तेव्हापासून ते तिथे होतं. त्या दुसऱ्या स्थळानंतर तिने लग्नाचा विषयच बंद करून टाकला होता. आत्याने मात्र केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भुरभुर पाऊस आला. रांग पांगली. ती ट्रेलरची चाकं सुटी करायला मागे आली होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "आत या. भिजाल."

"मला सवय आहे."

"तुम्हाला कसली सवय नाही, ते एकदा सांगून टाका… या हो."

आत काचांच्या पेट्या, घासायचं यंत्र, एक अरुंद पलंग, भिंतीवर अक्षरांची पाटी. सगळं आता दोन्ही बाजूंना सारखं वाटून मांडलेलं. तिने ते पाहिलं. त्याने ती पाहतेय हे पाहिलं.

"काल समोरून तुमची मैत्रीण हात हलवत होती," तो म्हणाला. "तुम्ही बघूनही ओळख दिली नाहीत. जवळ येऊन बोलली तेव्हा हसलात. आणि गाड्या आवाजावरून ओळखता. बसा त्या स्टुलावर."

"माझे डोळे चांगले आहेत."

"माझे टायरही नवेकोरे होते."

ती हसली आणि बसली. एक डोळा झाकायला त्याने पांढरी पट्टी पुढे केली. तिने हात मागे घेतले. "डाग पडेल."

"मग तळहाताने झाका. माझ्याकडे नाही… पाटीकडे बघा."

तिची मान गर्रकन वळली. त्याने काच बदलली, पुन्हा बदलली. टपावर पावसाची टिपटिप चालली होती.

"हे बरं, की हे?"

"हे."

"आता… हे, की आधीचं?"

"आधीचं. थांबा – नाही, हे."

"सावकाश. मला घाई नाही."

पहिल्या दिवशी हाच माणूस घाई आहे म्हणाला होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. तिने हात खाली घेतला तेव्हा डोळ्याभोवती वंगणाचं काळं वर्तुळ उमटलं होतं. त्याला हसू आवरेना. त्याने मऊ कापड पुढे केलं.

"याने नाही जायचं," ती म्हणाली. "खोबरेल लागतं."

"राहू दे मग. चांगलं दिसतंय."

संध्याकाळपर्यंत चष्मा तयार झाला. तिने तो डोळ्यांवर चढवला आणि ट्रेलरच्या पायरीवर तशीच उभी राहिली. समोरच्या झाडाला पानं होती. म्हणजे ती तिला माहीत होतीच, पण ती अशी एकेक, वेगवेगळी, ओली… मग तिने मान वळवली. त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. आणि तो तिच्या नखांकडे बघत नव्हता, तिच्याकडेच बघत होता.

"कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

"फार…" ती म्हणाली.

चौथ्या दिवशी पहाटेच टायर आले. तिने ते स्वतः चढवले, स्टेपनीसुद्धा. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळले. मग त्याला समोर उभं करून एकेक गोष्ट सांगितली.

"हवा सकाळी निघायच्या आधी बघायची, टायर थंड असताना. कडेवर लिहिलंय तेवढी पूर्ण, कमी नाही. ट्रेलर उन्हात उभा राहणार असेल तर चाकांवर कापड टाका. महिनाभर एका जागी राहिला तर थोडा पुढेमागे करा. वेग…"

"आवरता घ्यायचा."

"हो. आणि नव्या चाकांचे नट पहिल्या ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. विसरू नका. कुठल्याही गॅरेजात करून देतील."

"कुठल्याही," तो म्हणाला.

"हो."

दोघंही थोडा वेळ त्या नटांकडेच बघत राहिले. मग तो बाबांच्या पाया पडल्यासारखा वाकला, पण त्यांची पडलेली काठी उचलून त्यांना दिली, गाडीत बसला आणि निघाला. ट्रेलर वळणापर्यंत दिसला. चष्म्यामुळे जास्तच वेळ दिसला.

सकाळभर ती चिडचिडी झाली. एका पंक्चरला दोन ठिगळं लावली. बाबा म्हणाले, "जरा बसतेस का?" तर म्हणाली, "मला काय झालंय?"

"मी कुठे म्हटलं काही झालंय?" बाबा म्हणाले.

नऊच्या सुमारास वळणावर पांढरा ट्रेलर दिसला. तिला वाटलं, काहीतरी बिघडलं. ती पाना टाकून रस्त्यावर धावली. गाडी येऊन तिच्यासमोर थांबली.

"काय झालं? टायर…?"

"टायर उत्तम आहेत," तो उतरत म्हणाला. "चाळीस किलोमीटर गेलो आणि चाळीस परत आलो. ऐंशी झाले. नट आवळायचेत."

ती बघतच राहिली. मग तिने लांब पाना घेतला, चाकाशी बसली. पहिला नट. दुसरा. एकेक करत सगळे.

"एकही ढिला नाही," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं."

"मग कशाला आलात?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "जाताना सगळं पाठ म्हणत होतो… थंड हवा, कापड, वेग. आणि लक्षात आलं, नऊ वर्षांचे टायर असतानाही मी बिनधास्त हिंडत होतो, कारण कुणी काळजी करणारं नव्हतं. आता आहे असं वाटलं. चुकत असेन तर सांगा, निघतो."

तिने पान्यावरची पकड सोडली नाही. "मी दुकान सोडणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. कुणासाठीही नाही."

"सोडा म्हणालो का मी? मलाही रस्ता सोडता येणार नाही. वरच्या गावांमध्ये दुसरं कुणी जात नाही."

"मग कसं जमायचं?"

"ते मला माहीत नाही," तो खरं तेच बोलला. "वीस दिवस फेरी असते, दहा दिवस मी त्या भाड्याच्या खोलीत छताकडे बघत पडतो. ते दहा दिवस… इथे आलो तर?"

बाबांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते कधीपासून ऐकत होते, देव जाणे. "मागची जागा रिकामीच असते," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "आणि माझी पाठ गेलीय, डोकं नाही. मधून चार दिवस दुकान मी बघू शकतो. पोरीने घाट पाहिलेला नाही अजून." एवढं बोलून ते काठी टेकत आत गेले.

तिने हात ओढणीला पुसले, पण ते काही स्वच्छ झाले नाहीत. त्याने त्यातला एक हातात घेतला, तसाच, काळा. तिने काढून घेतला नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, कुणीतरी हॉर्न वाजवला, दोघांनाही ऐकू आलं नाही.

मग तीच आधी भानावर आली. मुलं वाट बघत होती, ऊन चढायच्या आत घाट गाठायला हवा होता.

"निघ आता," ती म्हणाली. "उशीर होईल तुला."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. ती लाल झाली. तोंड फिरवून पाना उचलायला लागली.

तो गाडीच्या दाराशी तसाच उभा होता, किल्ली हातात धरून.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं. "पुन्हा म्हण ना…"