कुत्रा, मांजर आणि चौदा सारखी उत्तरं

"सोमवारी मला काढून टाकतील," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं.

वार्षिक परीक्षेचा पेपर फुटला होता. काढला होता बाईंनीच, म्हणून आळही त्यांच्यावरच. गुप्तहेराने पाणी पुढे केलं. त्याचे स्नेही डॉक्टर उगाच चष्मा पुसत बसले.

चौदा मुलांची सगळी उत्तरं बरोबर होती, एकच सोडून; आणि ते सगळ्यांचं सारखंच चुकलं होतं. शंभर घरं. चाळिसांत कुत्रा, तिसांत मांजर, विसांत दोन्ही. एका घरात मांजर आहे, तर तिथे कुत्राही असण्याची शक्यता किती? चौदाही जणांनी लिहिलं होतं, एक द्वितीयांश.

"उत्तर दोन तृतीयांश," बाई म्हणाल्या. "घरी कच्चा पेपर काढला तेव्हा प्रश्न उलटा होता. कुत्रा आहे, तर मांजर? फारच सोपा वाटला. शाळेत स्वतः टाइप करताना फिरवला आणि कच्चा कागद फाडून टाकला."

मुलं अशा गणितात गोंधळतातच, डॉक्टरांनी समजूत घातली.

छापखानेवाल्याने कानावर हात ठेवले. मांजरवाल्या घरात कुत्रा शोधायचा होता, एवढंच त्याला आठवत होतं. बाकी सगळं डोक्यावरून गेलं म्हणाला. घरी नणंद म्हणाली, गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, वहिनीच्या टेबलाकडे ती फिरकतही नाही.

बाईंचा नवरा गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. बायकोच्या खांद्यावर हात ठेवूनच तो बोलला. पेपर त्याने परीक्षेनंतर पाहिला, तोही छापील. "कुत्रा असलेल्या घरात मांजर असण्याची शक्यता! मुलांना जड जाणारच हो," तो हळहळला. बाईंना त्या हाताचा केवढा आधार वाटत होता.

"छापील पेपरात असं कुठे विचारलंय?" गुप्तहेराने शांतपणे विचारलं.

खांद्यावरचा हात निघाला.

"कुत्रा असलेली घरं चाळीस, त्यांतल्या विसांत मांजर. म्हणजे एक द्वितीयांश. डॉक्टर, मुलांचं उत्तर बरोबरच होतं, पण कच्च्या कागदावरच्या प्रश्नाचं. छापखान्यात तो प्रश्न पोचलाच नाही. तो फक्त या घरात होता, आणि यांनी तोच आत्ता बोलून दाखवला."

"जीभ घसरली असेल," डॉक्टर पुटपुटले.

"हाच धडा शिकवून पोट भरणाऱ्याची?"

शिकवणी ओस पडत चालली होती, एवढा एक निकाल चांगला लागला असता तर, असं काहीबाही नवरा सांगू लागला. शेवटी म्हणाला, "तू निभावून नेशील असं वाटलं गं. नेहमी नेतेस."

कोणी केलं असेल गं असं, म्हणून रोज रात्री हाच माणूस बाईंचे डोळे पुसत होता.

"घरातली गोष्ट घरातच राहू दे," तो म्हणाला.

"पेपरही घरातच होता," बाई म्हणाल्या. त्यांनी मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.